कोकणातल्या घराभोवतीची झाडं: आधी बुंधा बघा

झाड आजारी आहे म्हणून बोलावतात तेव्हा घरची माणसं वर शेंड्याकडे बोट दाखवतात. पानं पिवळी पडलीत, मोहोर आला नाही, एक फांदी वाळली. मी मात्र आधी खाली बसते आणि बुंध्याभोवतीची माती हातानं उकरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकले आणि तेव्हापासून घरांच्या आवारातली झाडं बघण्याचंच काम करते. बागायतदारांच्या मोठ्या बागांसाठी सल्ला देणारे पुष्कळ आहेत. परड्यातला एक हापूस, विहिरीजवळचे चार माड, गडग्याकडेचा फणस यांच्याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. हे लिखाण अशा झाडांच्या मालकांसाठी आहे. त्यात गावात राहणारे आले, आणि मे महिन्यात व गणपतीत घर उघडणारे चाकरमानीही आले.

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवा सम आणि दमट, थंडी बेताची, त्यामुळे झाडं जोमानं वाढतात. पण तीच ओल बुरशीला आणि किडीलाही मानवते. म्हणून इथं दोन गोष्टी सांभाळायच्या: बुंध्याशी पाणी आणि माती साचू द्यायची नाही, आणि झाडाला चुकीची जखम करायची नाही. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवतीच फिरतं.

बुंधा उघडा हवा

निरोगी आंब्याचा किंवा फणसाचा बुंधा जमिनीत शिरताना रुंद होत जातो. खोड आणि मुळं जिथं मिळतात ती पसरट जागा डोळ्यांना दिसली पाहिजे. तुमच्या झाडाचं खोड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत शिरलेलं दिसत असेल, तर ते झाड गाडलं गेलं आहे. माड आणि पोफळीचं वेगळं. त्यांना बुंध्यातून नवी मुळं फुटत राहतात, त्यामुळे थोडी भर पडली तरी चालते.

खोडाची साल उघड्या हवेत राहण्यासाठी असते. तिच्याभोवती ओली माती राहिली की साल मऊ पडते, कुजते, आणि पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जाणं थांबतं. मुळं उपाशी राहतात. हे सगळं सावकाश होतं. पहिली एक-दोन वर्षं काहीच कळत नाही, मग शेंडा विरळ होतो, पानं लहान येतात, आणि तेव्हा लोक खताचं पोतं आणतात. कुजलेल्या बुंध्याच्या झाडाला खत घालून उपयोग नाही.

माती चढते ती बहुतेक वेळा आपल्याच हातानं. नवं घर बांधताना पायातून निघालेली माती अंगणात पसरतात. भराव घालून खळं सपाट करतात. नाहीतर हौसेनं आंब्याभोवती चिऱ्याचा पार बांधतात आणि तो मातीनं भरून वर तगर, जास्वंद लावतात. वडा-पिंपळाला पार सोसतो, आंब्याला सोसत नाही. पार हवाच असेल तर खोडापासून हातभर तरी जागा आत मोकळी सोडा, त्यात माती घालू नका, आणि पाणी बाहेर जायला खालच्या थरात भोकं ठेवा.

आधीच गाडलेला बुंधा मोकळा करायला दिवाळीनंतरचे कोरडे महिने चांगले. कुदळ, टिकाव बाजूला ठेवा. खुरपी आणि हात पुरेत. खोडापासून सुरुवात करून बाहेर सरकत जा, पहिली जाड मुळं लागेपर्यंत. त्यांच्या वरच्या पातळीला थांबा. मग साधारण दोन फुटांचं कडं असं उतरतं करा, की पाणी खोडापासून लांब वाहील. खोडालाच विळखा घालून फिरणारी मुळं सापडली तर बोटाएवढी असतील ती कापून टाका. मनगटाएवढी असतील तर एका हंगामात एकच कापा. पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या कलमांना असा विळखा हमखास असतो.

भराव दोन फुटांहून खोल असेल तर नुसतं उकरून भागत नाही. झाडाभोवती एक मोकळा गोल ठेवून त्याच्या कडेला चिरे रचावे लागतात, आणि त्या गोलातून पाणी बाहेर काढणारा चर खणावा लागतो. चर नसेल तर जुलैत त्याचं टाकं होतं. अंगणात पेव्हर बसवणार असाल तर प्रत्येक बाजूनं किमान मीटरभर जमीन उघडी सोडायला सांगा. कारागीर खोडापर्यंत नीट बसवून देतील आणि ते दिसायला छान दिसेल, पण तुम्ही समोर उभं राहून थांबवा.

आणखी एक बघा. छपराच्या पन्हळीचा पाइप कुठं सोडलाय? पागोळ्यांचं पाणी झाडाच्या मुळाशी जात असेल तर पावसाळ्यापूर्वी ते वळवा. न्हाणीचं पाणी माडाला आणि केळींना सोडायची आपल्याकडची रीत चांगली आहे, पण ती नोव्हेंबर ते मे. पावसात ते पाणी पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, जाऊ द्या.

पातेरा जाळू नका

जांभ्याच्या मातीतून पाऊस अन्नद्रव्यं धुऊन नेतो. ही माती आम्लधर्मी, लोह भरपूर, सेंद्रिय अंश टिकायला कठीण. अशा जमिनीत झाडाखाली पडणारी पानं हेच त्याचं कायमचं खत. तरी दर हिवाळ्यात अंगण झाडून पातेऱ्याचे ढीग पेटवले जातात, आणि तेही बरेचदा झाडाच्या सावलीतच. त्या धगीनं खालची पानं करपतात आणि वरवरची बारीक मुळं मरतात.

पातेरा फांद्यांच्या पसाऱ्याखाली तीन-चार इंच जाडीनं पसरा. खोडापासून वीतभर लांब ठेवा, हे महत्त्वाचं. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं पोकळ बाजू वर करून पुरली तर उन्हाळ्यात ओल धरून ठेवतात. वाळवीची भीती सगळ्यांना असते. ती मुख्यतः मेलेली, सुकी साल खाते. खोडावर मातीचे पापुद्रे दिसले तर खरवडून काढा आणि खाली साल पक्की आहे ना ते दाबून बघा. साल पक्की असेल तर काळजीचं कारण नाही.

खोडावरचं शेवाळ आणि दगडफूल यांनाही लोक रोग समजतात, ब्रशनं घासतात, चुना फासतात. ती फक्त सालीवर बसतात, झाडातून काही घेत नाहीत. त्यांना राहू द्या. बुंध्यालगत किंवा मुळांवर कठीण, पंख्याच्या आकाराची भूछत्रं उगवली तर मात्र थांबा. आतलं लाकूड कुजत असल्याची ती खूण आहे. ती काढून टाकल्यानं कुज थांबत नाही. ते झाड घराकडे झुकलेलं असेल तर जाणकाराला लगेच दाखवा.

नवं झाड लावताना

मे महिन्यात खड्डे खणून जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावणी करणं ही आपल्याकडची पद्धत बरोबर आहे. पण मीटरभर लांब, रुंद, खोल असा ठरलेला खड्डा सगळीकडे चालत नाही. कातळात तो खणला की पावसात भरतो आणि रिकामा होत नाही. खणून झाल्यावर त्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर उताराच्या बाजूनं खड्ड्याची कड फोडून वाट द्या. ते जमत नसेल तर जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंचवटा करून त्यावर लावा. फणस साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, त्याच्यासाठी तर उंचवटाच.

कलम लावताना जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. जोडाच्या खालून फुटणारे कोंब दिसले की लगेच खुडा. ते खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे असतात, हापूसचे नव्हेत, आणि वेगानं वाढून कलमाला मागं टाकतात. आधारासाठी काठी रोवा, पण बांधायला तार किंवा नायलॉनची दोरी नको. जुन्या कापडाची पट्टी सैल बांधा आणि दुसऱ्या वर्षी काठी काढून टाका. थोडं हलणारं खोडच जाड होतं.

जागेचा विचार आज करा. हापूसला चारी बाजूंनी दहा मीटर जागा लागते, माडाला साडेसात. भिंतीपासून पाच फुटांवर लावलेला आंबा पंधरा वर्षांनी कौलांवर येतो, मग त्याची एक बाजू दर वर्षी तोडली जाते आणि झाड कलतं. छोट्या परड्यात कोकम लावा. थोडी सावली चालते, आकार आटोपशीर असतो. मात्र रोपवाटिकेतून कलमच आणा, ‘कोकण अमृता’ मिळाल्यास उत्तम. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून केलेल्या रोपांतली जवळजवळ निम्मी नर निघतात. सहा-सात वर्षं वाढवल्यावर ते कळतं.

पहिली तीन वर्षं पाणी द्यायचंच. इतका पाऊस पडणाऱ्या मुलखात पाणी कशाला, असं बाहेरच्यांना वाटतं. पण ऑक्टोबरनंतर सात-आठ महिने कोरडे जातात आणि जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही. आठवड्यातून एकदा भरपूर, मुळांपर्यंत पोचेल असं. रोज शिंपडलेलं तांब्याभर पाणी मुळांना वरच ठेवतं.

कापायचं कसं

माझा सगळ्यात जास्त जीव जळतो तो इथं. मेच्या शेवटच्या आठवड्यात कोयते निघतात आणि डेरेदार झाडांचे शेंडे उडवले जातात. ‘वादळात पडायला नको’ हा हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. शेंडा तोडलेलं झाड त्या थोट्याखालून भराभर धुमारे काढतं. ते धुमारे वरच्या थरातच चिकटलेले असतात, त्यांना जुन्या फांदीसारखी आतून पकड नसते. दरम्यान थोटं कुजत जातं. चार-पाच वर्षांत तुमच्या छपरावर जड, कच्च्या फांद्यांचा गुच्छ तयार होतो.

फांदी खोडाला जिथं मिळते तिथं एक फुगीर कडं असतं, सालीला सुरकुत्या असतात. झाडाची जखम मिटवणारी ताकद त्या कड्यात आहे. काप कड्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. कड्यासकट खोडालगत साफ तासायचं नाही आणि वीतभर खुंटीही ठेवायची नाही. मनगटाहून जाड फांदीला तीन काप लागतात:

१. खोडापासून हातभर अंतरावर खालून काप, जाडीच्या पाव हिश्शापर्यंत.
२. त्याच्या जरा बाहेर वरून काप. फांदी इथं मोडून पडते आणि साल खोडापर्यंत सोलवटत नाही.
३. उरलेली खुंटी कड्याच्या बाहेर करवतीनं काढा.

कोयत्याचे घाव नकोत. करवत वापरा आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं पुसून घ्या.

केव्हा? वाळलेलं, मोडकं, एकमेकांवर घासणारं लाकूड एप्रिल-मेमध्ये काढून घ्या, पावसात डोक्यावर पडण्याआधी. हिरव्या फांद्यांची मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. भर पावसात मोठी जखम करू नका. आंब्याची ऑक्टोबरात जोरात छाटणी केली तर त्या वर्षीचा मोहोर जातो हे धरून चाला. एका वर्षात पानांचा पाव हिस्सा काढला तरी खूप झालं.

कापाला काय लावायचं यावर मतं वेगळी आहेत. अमेरिकी वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि नवं लाकूड बाहेरून वाढवतं. रंग आणि डांबर फासल्यानं आतली कुज थांबत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणून डांबर, तैलरंग, ढोलीत सिमेंट, यांतलं काहीही नको. तरी आपल्या पावसात मोठ्या कापावर मी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावते. गुलाबी बुरशी ताज्या जखमेवर बसते आणि फांदीला साटा चढल्यासारखी पसरते. मोरचुदातल्या तांब्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे तिला अटकाव होतो.

पेस्टसाठी शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा, धातूचं भांडं नको. चुना उरलेल्या पाण्यात विरवून गाळा आणि दोन्ही एकत्र करा. विळ्याचं चकचकीत पातं बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना हवा. त्याच दिवशी वापरायचं. हेच प्रमाण दहा लिटर पाण्यात घेतलं की एक टक्क्याचं फवारणीचं बोर्डो मिश्रण होतं. पोफळीच्या घोसांवर पावसाच्या आधी एकदा आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून पुन्हा फवारलं तर कोळेरोग, म्हणजे पावसात सुपाऱ्या कुजून गळण्याचा रोग, आटोक्यात राहतो.

बांडगूळ

आंब्यावर वेगळ्याच पानांचा, जाडसर, हिरवागार झुबका दिसतो, तो बांडगुळाचा. फणस, काजू, चिकूवरही येतो. फुलटोच्यासारखे छोटे पक्षी त्याची फळं खातात, चिकट बी फांदीवर घासून टाकतात आणि ती तिथंच रुजते. बांडगूळ आपलं अन्न पानांत तयार करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून ओढतं. त्यामुळे जोडापलीकडची फांदी बारीक होत जाऊन वाळते. दुर्लक्ष झालेल्या जुन्या कलमांवर निम्मा पसारा बांडगुळाचा असतो आणि लांबून झाड छान हिरवं दिसतं. मे महिन्यात येऊन वर बघणाऱ्या मालकाला ते कळतही नाही.

नुसता झुबका ओढून काढला तर तो पुन्हा फुटतो, कारण त्याची मुळं फांदीच्या आत शिरलेली असतात. फांदी बारीक असेल तर जोडाच्या फूटभर अलीकडे, खोडाच्या बाजूला कापा. मुख्य फांदीवर असेल तर फांदीचा बळी देऊ नका. तिथला झुबका छिनीनं सालीपर्यंत तासा, पेस्ट लावा आणि दर वर्षी नवे कोंब काढत राहा. फळं पिकण्याआधी काढलं तर पक्ष्यांना बी मिळत नाही. शेजाऱ्याच्या झाडावर बांडगूळ असेल तर त्यांच्याशी बोला. ही वाडीची कामगिरी आहे, एका घरानं करून ती संपत नाही.

झाडावर ओंबीलांची, म्हणजे लाल मुंग्यांची, घरटी असतील तर ती जाळू नका. त्या चावतात हे खरं, पण पानं खाणाऱ्या आणि रस शोषणाऱ्या कितीतरी किडी त्या फस्त करतात. कापाकापीच्या दिवशी ती फांदी शेवटी घ्या.

आंब्याच्या खोडातून भुसा बाहेर येताना दिसला तर आत खोडकिडा आहे. ही भुंगेऱ्याची अळी असते, लाकूड पोखरत जाते. वाकवलेल्या तारेनं भोकातून ती ओढून काढा आणि भोक चिकणमातीनं बुजवा. आठवड्यानं पुन्हा बघा. नवा भुसा येत असेल तर कृषी खात्याच्या माणसाला दाखवून औषध घ्या. दर महिन्याला एकदा बुंध्याभोवती फेरी मारली तर हा किडा सुरुवातीलाच सापडतो.

माड

माडाला एकच कोंब असतो. तो गेला की झाड गेलं, बाजूनं दुसरा शेंडा फुटत नाही. म्हणून माडाची सगळी निगा शेंड्यात.

पानांत कात्रीनं कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे दिसले तर गेंड्या भुंगा आला आहे. तो शेणखताच्या जुन्या ढिगात आणि कुजक्या ओंडक्यात वाढतो. घराजवळचा उकिरडा उपसत राहणं आणि पडलेला माडाचा बुंधा वर्षानुवर्षं तसा न ठेवणं, ही खरी उपाययोजना. लहान माडांच्या वरच्या पानांच्या बेचक्यांत तीन-चार डांबरगोळ्या ठेवून वाळूनं झाका, दीडेक महिन्यानं बदला. मोठ्या माडावर पाडेली चढतो तेव्हा त्याला तार घेऊन भुंगे काढायला सांगा आणि त्याचे वेगळे पैसे द्या.

गेंड्या भुंग्याच्या जखमांतून सोंड्या भुंगा शिरतो, आणि तो माड मारतो. आत शेकडो अळ्या गाभा खातात. खोडाला कान लावला तर चावण्याचा आवाज येतो, भोकातून तपकिरी रस झिरपतो. त्याला ताज्या जखमेचा वास ओढून आणतो. म्हणून माडाला खिळे ठोकू नका, चढायला खाचा पाडू नका, दिव्यांची माळ खिळ्यानं लावू नका. हिरवं चुडत कापावंच लागलं तर देठाचा चारेक फुटांचा भाग खोडावर राहू द्या, म्हणजे भुंगा त्या देठातून शिरला तरी खोडापर्यंत पोचत नाही. एरवी हिरव्या झावळ्या कापूच नयेत. माड साधारण महिन्याला एक पान काढतो आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक पोय, म्हणजे फुलोरा, येते. पावसाआधी ‘स्वच्छ’ केलेला माड पुढच्या वर्षी कमी धरतो.

पावसात मधलं न उलगडलेलं पान पिवळट-तपकिरी होऊन लोंबलं आणि ओढताच हातात आलं, कुजका वास आला, तर तो कोंब कुजण्याचा रोग. दिवस घालवू नका. कुजलेला भाग चांगल्या भागापर्यंत साफ करून बोर्डो पेस्ट लावा आणि पावसाचं पाणी जाणार नाही असं झाकून ठेवा. लवकर लक्षात आलं तर माड वाचतो. शेजारच्या माडांच्या शेंड्यांवर एक टक्का मिश्रण फवारून घ्या.

वादळ

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोलीच्या बागा झोपल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं आणि झाडावरचा आंबा खाली आला. त्यानंतर भीतीपोटी घराभोवतालची झाडं तोडून टाकायचं लोकांच्या मनात बसलं आहे. ती भीती मी समजू शकते. पण घराभोवती जी झाडं मुळासकट पडलेली मी बघितली, त्यांतल्या पुष्कळांच्या एका बाजूची मुळं आधीच तोडलेली होती. गडग्याचा पाया, नळाचा चर, सेप्टिक टँकचा खड्डा. खोडाच्या जाडीच्या दहापट अंतराच्या आत यंत्रानं चर खणू देऊ नका. फूटभर जाड खोडाला दहा फूट. नळ न्यायचाच असेल तर मुळांच्या खालून हातानं बोगदा करून नेता येतो.

वाऱ्यासाठी झाड हलकं करायचं असेल तर शेंडा न तोडता आतल्या फांद्या विरळ करा. टोकाशी जड झालेल्या आडव्या फांद्या बाजूच्या फांदीपर्यंत आखूड करा. समुद्राच्या बाजूला उंडी, भेंड, सुरू असतील तर त्यांना हात लावू नका. खारा वारा ती स्वतःवर घेतात आणि मागचा आंबा वाचतो.

लहान झाड उपटून कललं आणि निम्मी मुळं जमिनीत असली तर एक-दोन दिवसांत उभं करा. उघडी मुळं तोवर ओल्या गोणपाटानं झाका. तुटलेली मुळं स्वच्छ कापा, पसारा थोडा कमी करा, तीन बाजूंनी दोरांनी ताणून वर्षभर ठेवा. मोठं झाड पुन्हा उभं करण्याच्या नादाला लागू नका. उभं राहिलं तरी त्याला पकड राहत नाही, आणि ते घराशेजारी असतं.

शेवगा घराजवळ असेल तर त्याचं लाकूड ठिसूळ आहे हे लक्षात ठेवा. शेंगा संपल्या की त्याला चार फुटांवर छाटा. इतकी कडक छाटणी सोसणारं परड्यातलं हे बहुधा एकच झाड. पावसात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात, मुलांना त्यापासून लांब ठेवा.

आणि फणसाखाली काळी पडलेली, बुरशी आलेली छोटी फळं पडली तर घाबरू नका. ती बहुतेक नरफुलं असतात, आपलं काम करून गळतात. वेचून लांब टाका, एवढंच.

तारा आणि परवानगी

फांदी विजेच्या तारेला टेकत असेल तर स्वतः चढू नका, पाडेलीलाही चढवू नका. ओली फांदी वीज वाहून नेते. वीज कार्यालयाला लेखी कळवा आणि ते येतील तेव्हा कुठून कापायचं हे दाखवायला स्वतः उभे राहा.

आपल्या परड्यातलं झाडही मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा झाडं जतन करण्याचा कायदा लागू आहे. तिथं वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, आणि मोठ्या छाटणीआधीही विचारून घ्यायचं. गावात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, ऐन, किंजळ, खैर, साग ही आपल्या आवारात असणारी बरीचशी झाडं येतात आणि त्यांच्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. अर्जाला झाडाचे चारी बाजूंनी काढलेले फोटो जोडा, घरापासूनचं अंतर लिहा, बुंधा कुजलेला असेल तर तो भाग जवळून दाखवा. वाळलेलं किंवा धोकादायक झाड असेल तर मेची वाट न बघता दिवाळीनंतर लगेच अर्ज द्या, म्हणजे कोरड्या दिवसांत दोर लावून, तुकड्या-तुकड्यांनी आणि छपराला धक्का न लावता ते उतरवता येतं.